मार्कांवर फी ठरवणाऱ्या पालकांना खुलं पत्र

प्रति,
पालक मंडळ, मानेवाडा रिंग रोडजवळची आमच्या शेजारची सोसायटी,
तसंच यंदा जूनमध्ये मुलांना शिकवणी लावायला निघालेले नागपुरातले सगळे पालक

विषय : शिकवणीबद्दल तुम्ही केलेला तीन अटींचा ठराव

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी संध्याकाळी तुमच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बैठक झाली. शिकवणी घेणाऱ्यांपैकी तिथे कोणी नव्हतं. रात्री साडेदहाला ठरावाचा फोटो फिरत फिरत माझ्या फोनवर आला. खाली एका आईनं लिहिलं होतं, "मॅडम, राग मानू नका, सगळ्यांनी मिळून ठरवलं." राग मानलेला नाही. पण गप्पही बसवत नाही, कारण असंच काहीतरी हुडकेश्वरकडे आणि बेस्याकडेही चाललंय, असं माझ्याकडे येणारी पोट्टीच सांगतात.

ज्यांनी ठराव पाहिला नाही त्यांच्यासाठी अटी इथे देते. एक, शिकवणी घेणाऱ्यानं मागच्या तीन वर्षांतल्या ९० टक्क्यांवरच्या विद्यार्थ्यांची यादी द्यावी. दोन, सगळा पोर्शन दिवाळीपूर्वी संपवावा. तीन, अर्धी फी दरमहा आणि उरलेली अर्धी निकालानंतर. मूल ८५ टक्क्यांच्या खाली गेल्यास ती "देय राहणार नाही". हे शेवटचे शब्द नक्की बँकेतल्या कोणीतरी सुचवले असणार.

मी १९९९ च्या जूनपासून शिकवते. बी.एस्सी. झाले, लग्न होऊन मानेवाड्याला आले, समोरच्या घरातल्या एका मुलाला अपूर्णांक समजावून सांगितले आणि तीच पुढे माझी नोकरी झाली. तुमच्या सोसायटीमागच्या लेआउटमध्ये आमचं घर आहे. पुढची दहा बाय बाराची खोली, एक फळा, दोन सतरंज्या, खिडकीला कूलर. एका वेळी सहा मुलं बसतात, सातवं मी घेत नाही. सध्या पाचवी ते दहावीची बावीस मुलं येतात, त्यातली अकरा तुमची. म्हणजे हे पत्र लिहिताना माझी अर्धी कमाई पणाला लागली आहे, हे मला कळतं. घरात यावरून दोन दिवस वादही झाला.

आधी तिसऱ्या अटीबद्दल बोलते, कारण बाकीच्या दोन तिच्याच पोटातून आल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी एक वडील मुलाला घेऊन आले. सातवीत होता. म्हणाले, "मॅडम, बीजगणित काहून जमत नाही याला? पोट्टा हुशार आहे, फक्त लक्ष देत नाही." हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकते. मी बीजगणिताचं पुस्तक उघडलंच नाही. कोऱ्या कागदावर ४०२ वजा १७८ लिहून दिलं. त्यानं झटक्यात उत्तर लिहिलं, ३७६. वडील कसनुसं हसले. मी मुलाला म्हटलं, चूक की बरोबर ते राहू दे, तू कसं केलंस ते मला सांग. तो बोलायला तयार होईना. मी थांबले. हे थांबणं शिकायला मला पाचसहा वर्षं लागली. सुरुवातीला मी दहाव्या सेकंदाला उत्तर सांगून मोकळी व्हायची. अखेर तो म्हणाला, "दोनातून आठ जात नाही, म्हणून आठातून दोन. शून्यातून सात जात नाही, म्हणून सातातून शून्य. मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना!"

पहिली-दुसरीत कधीतरी कोणीतरी त्याला हे सांगितलं होतं आणि त्या वेळी ते खरंही होतं. पोरानं ते वाक्य इमानेइतबारे पाच वर्षं सांभाळलं. उसना घेणं म्हणजे काय हे त्याला कधी उमगलंच नव्हतं. वरच्या वर्गात बाकीच्या प्रश्नांवर मार्क जमत गेले, आठवीपर्यंत नापास करण्याची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे कोणाला थांबून बघायची वेळच आली नाही. अशा मुलासमोर क्ष आणि य मांडून काय होणार?

आगकाड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधले. शंभराचा एक मोठा गठ्ठा, त्यात दहाचे दहा. ४०२ त्याच्यापुढे मांडले आणि म्हटलं, यातून मला १७८ दे. सुट्या काड्या दोनच. तो बराच वेळ त्या दोन काड्यांकडे बघत बसला. मग त्यानं शंभराचा गठ्ठा सोडला, त्यातला दहाचा एक सोडला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हां... हे असं असतं होय." तिथून दशांश, अपूर्णांक, ऋण संख्या असं करत बीजगणिताशी यायला आम्हाला पौष महिना लागला.

आता तुमचा ठराव या मुलाला लावून बघा. दिवाळीला माझा पोर्शन संपला नव्हता, म्हणजे दुसरी अट मोडली. वार्षिक परीक्षेत त्याला गणितात शंभरपैकी ५२ मिळाले. आदल्या वर्षी ३६ होते. म्हणजे तिसऱ्या अटीप्रमाणे अर्धी फी देय राहिली नसती. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या वडिलांनी शिकवणी बंद केली. म्हणाले, "आता स्वतःच करते बा तो, विचारावं लागत नाही." माझं एक गिऱ्हाईक गेलं. पण मला कोणी माझं काम दाखवायला सांगितलं, तर मी याच मुलाचं नाव पहिलं घेईन.

मार्कांवर फी लावली की काय होईल ते सांगते, कारण मला स्वतःला काय करावंसं वाटेल हे मला माहीत आहे. मी जूनमध्ये चाचणी घेईन आणि ७५ च्या खालचं मूल घेणारच नाही. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून तेवढंच घोटून घेईन. गृहपाठ मीच सांगून लिहून घेईन, म्हणजे वह्या छान दिसतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑगस्टमध्ये तुमच्या मुलाला मराठीचा एक परिच्छेद सलग वाचता येत नाही हे लक्षात आलं, तरी ते तुम्हाला सांगणार नाही. माझीच अर्धी फी अडकलेली असताना मी कशाला तुमच्या मनात शंका घालू? चांगला शिकवणारा मुलाची चूक शोधून काढतो आणि घरी कळवतो. तुमचा ठराव त्याला ती झाकायला शिकवतो. कच्च्या मुलांच्या आईबापांनीही त्यावर सह्या केल्या आहेत, याचं मला फार वाईट वाटलं. उद्या त्यांच्याच मुलांना कोणी घेणार नाही.

शिवाय हा न्याय तुम्ही आणखी कुठे लावता? भांडीवाल्या बाईची अर्धी मजुरी वर्षभर भांडी चमकली तर देऊ म्हणून ठेवून घेता का? दहावीला गणिताचे ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण शाळेच्या हातात. परीक्षेच्या आदल्या रात्री घरात भांडण झालं, मुलाला ताप आला, पेपरला जाताना स्कूटर पंक्चर झाली, तर त्याची वजावट माझ्या फीमधून?

आणखी एक. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असणाऱ्यांसाठी त्या आहेत, त्यामुळे माझ्या सतरंजीला त्या लागू नाहीत. त्यात म्हटलंय की सेंटरनं रँकची किंवा चांगल्या मार्कांची हमी देऊन प्रवेश घेऊ नये. जी हमी मोठ्या क्लासनं द्यायची नाही असं सरकार म्हणतं, ती तुम्ही सहा मुलांच्या बाईकडून ठरावात लिहून मागता. त्याच सूचनांत असंही आहे की मुलानं मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी. ही गोष्ट मात्र मला पटली आणि मी ती माझ्यापुरती आधीच सुरू केली आहे. तुमच्यापैकी दोघांना पैसे परत मिळाले आहेत, त्यांनी बैठकीत सांगायला हरकत नव्हती.

आता यादी.

मानेवाडा चौकातून मेडिकल चौकाकडे जाताना दर जूनमध्ये फ्लेक्स बघते. एकच मुलगी, तीच दोन वेण्यांची, तोच पासपोर्ट फोटो, दोन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर. दोघांचाही दावा, आमचीच. बिचारी एका ठिकाणी शिकायला गेली असेल आणि दुसरीकडे सराव परीक्षा द्यायला. दिशाभूल करणाऱ्या असल्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळ्या सूचना काढल्या, यशस्वी विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव-फोटो वापरायचा नाही असंही त्यात आहे. सीताबर्डीला संत्र्याच्या हातगाडीवर वरची रास कशी रचलेली असते, ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. घेताना आपण खाली हात घालून बघतोच. शिकवणीच्या बाबतीत मात्र वरची रास बघून पिशवी पुढे करतो.

माझी यादी हवी असेल तर तिच्यात पहिलं नाव कोणाचं येईल ते सांगते. सहावी ते दहावी, सलग पाच वर्षं एक मुलगी माझ्याकडे होती. दहावीला ९३ टक्के. आईनं पेढे आणले, मी फोटो काढून घेतला, माझ्याकडे पुढची तीन-चार मुलं तिच्याच नावावर आली. अकरावीत तिचा एकदा रात्री फोन आला. रडत होती. "मॅडम, उदाहरण पाठवलंय. मला फक्त कोणत्या प्रकारचं आहे एवढं सांगा, मग मी करते." मी सांगितलं. तिनं चार मिनिटांत सोडवलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पाच वर्षं मी काय केलं होतं? उदाहरण दिसलं की मी म्हणायची, हे बघ, हे वेगाचं आहे, हे चक्रवाढीचं, याला अमुक सूत्र. सुरुवात नेहमी मी करून द्यायची आणि उरलेलं ती बिनचूक करायची. पहिलं पाऊल तिनं कधी टाकलंच नव्हतं. परीक्षेत चाललं, कारण प्रश्न ओळखीचे होते.

तुमच्या अटीप्रमाणे ती माझी टॉपर आहे. माझ्या हिशेबात ती माझी सगळ्यात मोठी चूक आहे, आणि त्याबद्दल मी तिची नंतर माफीही मागितली. त्या वर्षापासून मी एक नियम केला. उदाहरण वाचून झाल्यावर पहिली ओळ मुलानंच लिहायची, मग ती चुकीची का असेना. माझ्या खोलीत खडू आधी त्यांच्या हातात असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मॅडम नुसत्या बसून असतात. एका आजोबांनी तर मला विचारलंच होतं, "तुम्ही शिकवता कधी?"

म्हणून यादी मागायचीच असेल तर वेगळी मागा. शिकवणी सुटल्यावर ज्यांचं बरं चाललंय अशा दोन घरांचे नंबर मागा आणि त्या आईबापांशी बोला. कोणत्याही मुलाचे मार्क मी तुम्हाला लिहून देणार नाही. ते त्या मुलाचे आहेत, माझे नाहीत.

पोर्शनबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडे विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटच्या आठवड्यात, उन्हामुळे. त्यानंतर घटक चाचणी, पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहानांचा तान्हा पोळा आणि मोठ्यांची मारबत, मग गणपती, नवरात्र, सहामाही. वर्षाचं पुस्तक एवढ्यात "संपवणं" जमतं, नाही असं नाही. मी बोलायचं आणि मुलांनी लिहायचं, की झालं. मोठे क्लास तसंच करतात आणि दिवाळीनंतर टेस्ट सीरिज लावतात. तुमच्या मुलांना ते मानवत असेल तर खुशाल पाठवा, मनापासून सांगते. पण मग महिन्याभरात "क्लासमध्ये काही कळत नाही" म्हणून त्याच मुलाला क्लासचा अभ्यास समजावून द्यायला माझ्याकडे आणू नका. मागच्या वर्षी अशी तीन मुलं आली होती. शिकवणीला शिकवणी!

बी.एड. झालेल्यांना बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाचं नाव पाठ असतं. त्याच ब्लूमनं १९८४ साली एक निबंध लिहिला होता. एकेकट्याला बसवून शिकवलेलं सरासरी मूल वर्गात शिकणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं, असं त्यात मांडलं होतं. पुढच्या अभ्यासकांना हा आकडा फार फुगलेला वाटला आणि मलाही वाटतो. पण त्यात शिकवण्याची जी रीत होती ती बघण्यासारखी आहे: छोटी चाचणी घ्यायची, चुकलेलं दुरुस्त करायचं, पुन्हा घ्यायची आणि तो भाग पक्का झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. शिकवणीचा काही फायदा असेल तर तो इथेच आहे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शाळेतल्या बाईंना थांबता येत नाही, मला थांबता येतं. दिवाळीची मुदत घालून तुम्ही नेमकं तेच काढून घेताय.

आता तुम्ही जे विचारलंच नाही ते.

तीन अटी वाचल्या, चौथी शोधली, सापडली नाही. खोलीचं दार उघडं असतं का? शिकवताना घरात आणखी कोण असतं? मुलीला बाथरूमला जायचं झालं तर कुठून जावं लागतं? रात्री साडेआठला बॅच सुटल्यावर ती घरी कशी येते? या बाबतीत अकरापैकी फक्त एका आईनं मला प्रश्न विचारले, आणि विचारताना तीच संकोचली होती. मी तिला म्हटलं, तुम्ही पहिल्या आहात. परक्याच्या घरात रोज दोन तास लेकरू पाठवायचं आणि चौकशी फक्त टक्क्यांची करायची, हे मला खरंच कळत नाही. माझं दार उघडं असतं. मे महिन्यात नवतपा लागला, बाहेर ४५-४६ अंश असले आणि कूलरची हवा बाहेर जात असली, तरी उघडंच असतं. कोणत्याही आईबापांनी न सांगता येऊन मागच्या सतरंजीवर बसावं. ज्या शिकवणीत पालकाला बसू देत नाहीत, तिथे मी माझं मूल ठेवलं नसतं.

भाषेचंही कोणी विचारत नाही. आपल्या भागातली अर्धी मुलं सेमी इंग्रजीची. चौथीपर्यंत अंश-छेद शिकलेलं मूल पुढे न्यूमरेटर-डिनॉमिनेटर ऐकतं आणि त्याला वाटतं, हे काहीतरी नवीनच आहे. त्याला गणित येत असतं, शब्द येत नसतो. अशा मुलाला दहा जास्तीची उदाहरणं देऊन काय उपयोग? छेद म्हणजेच डिनॉमिनेटर, एवढं सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो. आणि इंग्रजी माध्यमाचं तिसरीतलं पोर आजीनं "त्रेसष्ट" म्हटलं की ३६ लिहितं, कारण कानावर आधी तीन पडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "त्रेसष्ट"च्या जोडीला "साठ तीन" असं वाचायची सोय केली, तेव्हा राज्यभर टिंगल झाली. माझ्याही घरी चहा पिता पिता झाली. मी गप्प बसून होते, कारण उलटे आकडे लिहिणारी चार मुलं त्याच आठवड्यात माझ्यापुढे होती. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी तेव्हा ती बाजू न चिडता मांडली होती. लहान मुलाला ज्यानं कधी जवळ बसून शिकवलंय, त्याला ती पटायला वेळ लागला नसेल. शिकवणारा माणूस निवडताना मी हेच बघेन: मुलाचं उत्तर चुकलं की तो लाल रेघ ओढतो, की असं का लिहिलं असेल म्हणून क्षणभर थांबतो?

एक गोष्ट कडू आहे, पण बोलायलाच हवी. तुमच्यापैकी काही जणांनी मुलं शाळेतल्याच शिक्षकांच्या खासगी शिकवणीला घातली आहेत. एक आई मला म्हणाली, "तुमच्याकडे चांगलं शिकते हो ती, पण सरांकडे लावली की निदान इंटर्नलचे २० तरी पक्के." शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ सांगतं की शिक्षकानं खासगी शिकवणी घ्यायची नाही. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळेत ज्याच्या हातात मार्क आहेत, त्यालाच संध्याकाळी फी द्यायची, याला शिकवणी म्हणत नाहीत. आणि जी मुलं तिथे जाऊ शकत नाहीत त्यांच्या २० गुणांचं काय होतं, हा प्रश्न तुमच्या बैठकीत यायला हवा होता. शिक्षणाधिकारी साहेबांच्या टेबलावर तर केव्हाच यायला हवा होता. दर डिसेंबरला अख्खं सरकार अधिवेशनासाठी आपल्या गावात येतं, खासगी शिकवण्यांसाठी कायदा आणू हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो, आणि जाता जाता रस्त्यावरचे बॅरिकेड तेवढे मागे राहतात. असो.

तुमची चिंता मला कळत नाही असं नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात शहरांतली ३०.७ टक्के मुलं खासगी शिकवणी घेतात असं आलंय. आपल्या लेआउटमध्ये तर कोण घेत नाही ते मोजावं लागेल. पैसे जातात, वर्ष संपतं, मार्क तेच राहतात आणि मग फसवलं गेल्यासारखं वाटतं. फसवणारे आहेतही. पाठांतर करून घेणारे, मोबाइलवर व्हिडिओ लावून आत स्वयंपाक करणारे, बॅचमध्ये तीस मुलं कोंबणारे. त्यांच्यापासून सुटका हवी म्हणून तुम्ही ठराव केला. पण त्या ठरावात तेच लोक सगळ्यात आरामात बसतील, कारण यादी, फ्लेक्स आणि पोर्शन या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे तयार असतात.

तेव्हा माझ्या मागण्या.

तिसरी अट मागे घ्या. फी महिन्याच्या महिन्याला, आणि शिकवणी आवडली नाही तर महिना संपायच्या आत बंद करायची तुम्हाला मुभा. उरलेल्या दिवसांचे पैसे दहा दिवसांत परत मिळतील. ही अट माझ्याकडून लिहून घ्या, बाकीच्या शिकवणीवाल्यांकडूनही घ्या.

टक्क्यांची यादी मागू नका. त्याऐवजी पहिले पंधरा दिवस झाल्यावर शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: माझ्या मुलाला नेमकं काय येत नाही? "लक्ष देत नाही", "प्रॅक्टिस कमी पडते" असं उत्तर आलं तर तिथून मूल काढा. "हातचा घेताना घोळ होतो", "प्रश्न शेवटपर्यंत वाचत नाही" असं काही आलं, तर माणूस वही बघतो असं समजा.

दीड महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं द्या. आईनंच नव्हे, वडिलांनीही. मी मुलाची कच्ची वही दाखवीन. पक्की बघायची गरज नाही.

शिकवणी लावतानाच ती कधी बंद करायची ते ठरवा. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. सहावीत लावलेली शिकवणी कोणी न विचारता दहावीपर्यंत चालू राहते, त्यात माझा फायदा असतो आणि मुलाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. मुदत संपली की पंधरा दिवस विना शिकवणी जाऊ द्या आणि बघा.

दाराबद्दलची चौथी अट ठरावात घाला. ती पहिली ठेवलीत तरी चालेल.

आणि पुढच्या बैठकीला शिकवणाऱ्यांना बोलवा. आठवी-नववीच्या दोन-चार मुलांनाही बोलवा. कोण चांगलं शिकवतं हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं, फक्त त्यांना ते मोठ्यांसमोर बोलता आलं पाहिजे.

ठराव आहे तसाच राहिला, तर तुमची अकरा मुलं मी यंदा घेऊ शकणार नाही. त्यांच्यापैकी दोघांना मी फोन करून तसं सांगितलं, तर त्यातला एक म्हणाला, "मग मी आजीकडे जातो सांगून तुमच्याकडे येऊ का?" तसं करायचं नाही म्हणून त्याला दटावलंय.

मागच्या वर्षीच्या अकराच्या अकरा कच्च्या वह्या माझ्या कपाटात आहेत. शाळा सुरू होईपर्यंत रोज चार ते पाच मी घरीच असते. न्यायला मुलांना पाठवू नका, तुम्ही या. पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून दाखवते.

आपली,
मागच्या लेआउटमधली ट्युशनवाली मॅडम